बावन्न किलो शंभर

अंकितानं चूळ भरली, पाणी तोंडात घोळवलं आणि मोरीत थुंकून टाकलं. घोटभरही गिळलं नाही. चुलीपुढं बसलेल्या विजयमालानं ते पाहिलं आणि तिच्या हातातली भाकरी कडेनं फाटली.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. जत्रेचा दिवस, चैत्राचं ऊन, ओसरीवर पुरुषांची पंगत बसलेली, दोन पातेली मटण शिजून तयार. आणि ही चोवीस वर्षांची घोडी पाणीसुद्धा थुंकून टाकत होती.

"अंके, पाणी का थुकतीयास?"

"तोंड आलंय मम्मी."

"तोंड आल्यावर पाणी पीत न्हाईत व्हय?"

पण अंकिता जिना चढून गेलीसुद्धा. थोड्याच वेळात वरच्या खोलीतून दोरीवरच्या उड्यांचा धप-धप आवाज सुरू झाला. भर दुपारी, दारं-खिडक्या लावून.

"वहिनी, पोरीला दिष्ट काढा," नणंद सुलाबाई रश्श्याची वाटी भरता भरता म्हणाली. ती कुंडलहून काल संध्याकाळीच आली होती, जत्रेला कमी आणि अंकितासाठी आणलेल्या स्थळासाठी जास्त. "गाल किती बसल्यात बगा. ऐतवारी पाव्हणं बघाय यायचं, आन् ही वाळल्या भेंडीवानी दिसाय लागली."

विजयमालानं पुढची भाकरी तव्यावर टाकली. सुलाबाईला उत्तर दिलं की ते रात्रीपर्यंत चार घरं फिरून परत येतं, हे ती या घरात आल्यापासूनच्या सत्तावीस वर्षांत शिकली होती.

तेवढ्यात ओसरीवरचं बोलणं एकाएकी बंद पडलं. मग तिच्या धाकट्या दिराचा, वीरधवलचा आवाज आला. "दादा, ह्ये काय रं? ही आपली अंकी न्हवं?"

गावच्या ग्रुपवर कुणीतरी एक पोस्टर टाकलं होतं. विजयमाला पिठाच्या हातानं बाहेर आली, तोवर मोबाईल तिच्या नवऱ्याच्या हातात गेला होता. बाळासोनं चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल लांब धरला आणि भरतीची यादी वाचावी तशा आवाजात वाचलं, "व्यावसायिक महिला बॉक्सिंग. शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता. सांगली. उंब्रजची वाघीण अंकिता बाळासो विरुद्ध जतची रेश्मा. चार फेऱ्या." मग चष्मा खाली घेऊन त्यानं बायकोकडं पाहिलं. जणू पोस्टर तिनंच छापलं होतं.

"तुला ठावं हुतं?"

"मला कवा काय ठावं असतंय ह्या घरात?"

"शुकरवारी तर तिला हजर व्हायचंय! शेवटची तारीख हाय!"

वनरक्षकाच्या नेमणुकीचं पत्र येऊन महिना झाला होता. खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली नोकरी. बाळासोनं, सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं, पंचवीस किलो पेढे वाटले होते. पोरगी बारा वर्षांची असताना त्यानंच परड्यातल्या आंब्याला भुश्श्याचं पोतं टांगून तिला ठोसा मारायला शिकवलं होतं. पलटणीत तो स्वतः दोन वर्षं खेळला होता. पण ते सगळं नोकरीसाठी, असं त्याच्या मनात पक्कं होतं. खेळायचं, सर्टिफिकेट मिळवायचं, नोकरीला लागायचं. शिडीवरून माडीवर गेल्यावर कुणी शिडी डोक्यावर घेऊन हिंडत नाही.

"बाक्सिंग म्हंजी तरी काय," विजयमालाचे सासरे, तात्याबा, हाड चोखता चोखता म्हणाले. वय ब्याऐंशी, कान कुस्तीनं मुडपलेले. "माती न्हाई, डाव न्हाई, पाठ लावायची न्हाई. नुसतं एकमेकाचं थोबाड फोडायचं. भांडखोर बायकांवानी."

"आन् नाक मोडलं म्हंजी?" सुलाबाई दारात आली. "मी तितं काय सांगू? पोरगी सरकारी नोकरदार म्हनून शब्द टाकलाय मी."

"नाकाचं ऱ्हाऊ दे, माझं नाक कापलं की," वीरधवल म्हणाला. येत्या निवडणुकीत त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. "आमदारांच्या फुडं सांगून बसलोय, पुतणी वनखात्यात लागली म्हनून."

मोबाईल पुन्हा वाजला. वीरधवलनं पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला. "ह्ये पोस्टर तर तासगावच्या ग्रुपवर बी गेलंय. अभिनंदन म्हनाय लागल्यात लोकं." अजून एकदा वाजला. "कराडच्या पोरांनी बी टाकलंय. दादा, एक बोलू का? नोकरी काय, कुणाला बी लागती. पोस्टरावर खाली आपलं नाव टाकाय पायजे हुतं. सौजन्य म्हनून."

"तुझं नाव?" सुलाबाई कडाडली. "पोरीला लहानपणी सांगलीला खेळाय कोण घिऊन जात हुतं? माझ्या घरी ऱ्हाऊन खेळली ती! सौजन्य माझं हाय!"

विजयमालानं कपाळाला हात लावला. कपाळावर पीठ उमटलं. दोन मिनिटांपूर्वी नाक मोडेल म्हणणारी ही बाई आता सौजन्य मागत होती.

"कुणाचं सौजन्य न्हाई आन् काय न्हाई," बाळासो ताटावरून उठला. "ती जाणार न्हाई. मी बाप हाय, मी सांगतोय."

आणि इथं तात्याबांनी हाड ताटात टाकलं. "बाप हाईस व्हय? मी बी बापच हुतो. तुला म्हनलं हुतं, तालीम सोडू नगंस. तू रातोरात पळून भरतीला गेलास. ऐकलंस माझं? आता पोरीनं तुझं का ऐकावं? जाऊ द्या पोरीला!"

झालं. विजयमालाला हे पाठ होतं. या घरात भांडण कशावरूनही सुरू होवो, उसाच्या पाळीवरून, बारशाच्या नावावरून, गॅसच्या टाकीवरून, ते शेवटी बाळासोच्या चौतीस वर्षांपूर्वीच्या सैन्यभरतीवर येऊन बसायचं आणि तिथून हलायचं नाही. आता बाप-लेक तासभर त्या जुन्या खड्ड्यात उतरणार, बहीण-भाऊ सौजन्यावरून भांडणार. आणि जिच्याविषयी हे सगळं चाललंय ती डोक्यावर उड्या मारतेय, हे कुणाच्या ध्यानातही नाही.

तिनं हात पदराला पुसले आणि जिना चढली.

खोलीत भट्टीसारखं उकडत होतं. अंकितानं अंगात प्लास्टिकचा सूट घातला होता, वरून स्वेटर, त्यावर बापाचं जुनं फौजी जर्किन. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. पायाशी वजनाचा काटा.

"मम्मी, दार लाव. गार वारं येतंय."

"गार? बाहेर चाळीस डिग्री हाय!" विजयमालानं दार लावलं. "खाली कळलंय समद्यांना. काय चाललंय ह्ये?"

अंकिता उड्या थांबवून काट्यावर चढली. त्रेपन्न किलो दोनशे. तिनं डोळे मिटले. "उद्या सकाळी अकराला सांगलीत वजन हाय. बावन्न किलो शंभरच्या आत पायजे. न्हाईतर खेळता येत न्हाई."

"आन् नोकरी? शुकरवारी हजर कोण हुनार, मी?"

"मी कळवलंय त्यांना. नको म्हनून. परवाच."

विजयमालाचा हात तिच्याही आधी उठला. आयुष्यात दुसऱ्यांदा तिनं पोरीवर हात उगारला होता, आणि पूर्ण ताकदीनं. पण अंकिताचं डोकं चार बोटं मागं सरकलं, पाय जागेवरच राहिले, आणि थप्पड मोकळ्या हवेतून निघून गेली. विजयमाला स्वतःच्याच वेगानं गिरकी घेऊन कॉटवर बसली.

"मी मुद्दाम न्हाई केलं," अंकिता घाईघाईनं म्हणाली. "आपोआप हुतंय. मार, मी हालत न्हाई. मार खरंच."

तिनं गाल पुढं केला आणि डोळे घट्ट मिटले. विजयमालाला हसू येत होतं की रडू, तिचं तिला कळेना, आणि त्याचाच जास्त संताप आला.

"का गं केलंस? समद्या घरानं बारा वर्सं कशासाठी खस्ता खाल्ल्या?"

"बारा वर्सात मी रिंगमधी जेवढी उभी न्हाई, त्याच्यापेक्षा जास्त बाकावर बसलीय मम्मी. राखीव. दुसरी आजारी पडली तर आत, न्हाईतर ट्रॅकसूट घालून टाळ्या वाजवायच्या. नोकरी लागली की तेवढं बी संपलं. वर्सातनं एकदा खात्याच्या स्पर्धा." अंकिताच्या तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती. "मी चांगली हाय का वाईट, ह्येच मला अजून ठावं न्हाई. हितं निदान समोर एक पोरगी असती आन् पळून जायला जागा नसती."

"डोक्याला हेल्मेट बी नसतंय म्हनं त्यात."

"नसतंय." तिनं खोटं सांगितलं नाही. "डॉक्टर असत्यात. तपासण्या झाल्यात माझ्या. डोक्याच्या बी."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर करू दिल्या असत्यास?"

खालून बाळासोचा आवाज आला, "चौतीस वर्सं झाली, तात्या, चौतीस!" विजयमाला उठली. पोरगी चुकली होती यात तिला तिळभर शंका नव्हती. पण खाली बसलेल्या चौघांपैकी एकानंही जिना चढून पोरीला काही विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

"सकाळी कितीची गाडी हाय?" तिनं विचारलं.

"सहाची. कराडला बदलायची."

"एकटी जाणार न्हाईस. कुठंतरी चक्कर यून पडलीस तर उचलणार कोण?"

"येतीयास म्हंजी तुला पटलंय?"

"काय बी पटल्यालं न्हाई," विजयमाला म्हणाली आणि दार आपटून खाली गेली.

बाळासोनं सकाळी निरोपालाही तोंड दाखवलं नाही. "मी येणार न्हाई, आन् मला काय सांगू बी नका," एवढं अंथरुणातूनच म्हणाला.

एसटीत अंकिता रिकामी बाटली तोंडाशी धरून बसली होती आणि मिनिटामिनिटाला तीत थुंकत होती. तेवढंच वजन कमी. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून वळून पाहिलं. कंडक्टरनं पिशवी आणून दिली. "गाडी लागती तिला," विजयमालानं सांगितलं आणि पोरीच्या तोंडापुढं पदर धरला. आयुष्यभर हिच्या तोंडात घास कोंबण्यात गेलं, आणि आता हिची थुंकी मोजत बसायची पाळी आली, असं तिच्या मनात येत होतं.

सांगलीत, लढतीसाठी घेतलेल्या मंगल कार्यालयात, काटा बावन्न किलो चारशेवर थांबला. तीनशे ग्रॅम जास्त. तासाभराची मुदत मिळाली. उत्कर्षा मॅडम, म्हणजे अंकिताची कोच, तिला मंगल कार्यालयाच्या जिन्यावर घेऊन गेली आणि तळापासून गच्चीपर्यंत पळवत राहिली. अकराव्या फेरीला अंकिता मधल्या पायरीवर बसली. विजयमालाच्या हातात पाण्याची भरली बाटली होती. झाकण उघडावं, पोरीच्या तोंडाला लावावी, आणि हा तमाशा इथंच संपवावा. कुणी तिला बोललं नसतं. उलट घरात आरती ओवाळली असती.

अंकितानं बाटलीकडं पाहिलं, मग आईकडं.

"ऊठ," विजयमाला म्हणाली. "ऊठ लवकर, मला बघवत न्हाई."

बावन्न किलो शंभर. बरोबर काठावर. काट्यावरून उतरून अंकितानं पहिला घोट घेतला तेव्हा विजयमाला भिंतीकडं तोंड करून उभी होती.

शुक्रवारी संध्याकाळी तेच मंगल कार्यालय ओळखू येत नव्हतं. जिथं नवरा-नवरी बसायचे तिथं दोरखंडांनी आवळलेली रिंग, वर पांढरे झोत, आणि गाणी एवढ्या मोठ्यानं की बोलणं अशक्य. घरचे जीप करून आले होते: तात्याबा पहिल्या रांगेत फेटा बांधून, सुलाबाई, आणि वीरधवल भलाथोरला पुष्पगुच्छ घेऊन. त्यानं आपल्या नावाचा फलक स्वतःच छापून दाराशी लावलाही होता.

अंकिताचं नाव पुकारलं आणि विजयमाला उठून बाहेर आली. तिला बघवणार नव्हतं. मागं भांडी घासायच्या जागेपाशी एक बाकडं होतं. तिथं आधीच एक उन्हानं रापलेली बाई बसली होती, डोईवर पदर, हातात पिशवी गच्च धरलेली.

"बसा की," ती सरकली. "आत लय आवाज. माजा जीव घाबरतोय."

"माझा बी."

विजयमालाचा मोबाईल वाजला. बाळासो. "सुरू झालं का?" तिनं फोन कापला. परत वाजला. "काय चाललंय?" तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती ओरडली, "तुमाला काय सांगायचं न्हवतं न्हवं? स्वतः यायचं हुतं!" आणि मोबाईल बंदच करून टाकला.

"मालक?" त्या बाईनं विचारलं.

"व्हय. रुसून घरी बसल्यात आन् जीव हितं टांगलाय."

"आमचं बी तसंच. मेंढरं घिऊन लांब गेल्यात, तिथनं दिवसातनं दहादा फोन. घरी असताना म्हन्ले, पोरगी माजी न्हाईच." ती हसली, मग तोंडावर पदर धरला. आत घंटा झाली होती. लोक ओरडले. "माजी रेश्मी हाय आत. कोन उंब्रजची हाय म्हनं तिच्यासंगं. लय दांडगी हाय म्हनत्यात. माज्या पोरीला काय झालं तर..."

विजयमाला बाकड्यावर तिच्याकडं वळली. "उंब्रजची माझीच हाय," ती म्हणाली.

त्या बाईनं तिच्याकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत. विजयमालाला वाटलं, आता ही उठून जाणार.

"दांडगी हाय व्हय?" तिनं एवढंच विचारलं.

"कसली दांडगी? दोन दिस पाण्याविना हुती."

"माजी बी! परवा धरनं जिभंवर नुसता लिंबू लावाय लागली. मी म्हन्लं, अव्वा, ह्यो कसला खेळ, खेळायच्या आदीच मारतोय."

आतून नुसता गलका येत होता, आणि त्यातला कुठला कुणासाठी हे बाहेर कळत नव्हतं. ते बघण्यापेक्षा वाईट होतं. दुसरी घंटा झाली तशी ती बाई उठली. "चला. हितं बसून तर मरनच हाय. मी धोंडुबाई."

"विजयमाला."

भिंतीला टेकून दोघी उभ्या राहिल्या. विजयमालानं आपल्या पोरीला असं कधी पाहिलं नव्हतं. घरात दाराला, माठाला, ताटाला धडकणारी अंकिता तिथं पाण्यासारखी सरकत होती. एकदा तिचा उजवा हात असा लागला की रेश्माचं डोकं मागं गेलं आणि धोंडुबाईनं विजयमालाचं मनगट धरलं. विजयमालानं सोडवून घेतलं नाही. दुसरी फेरी अंकिताची होती. ते अडाण्यालाही कळलं असतं.

तिसऱ्या फेरीत ते बदललं. अंकिता ठोसा मारून मागं यायची तेव्हा तिचा डावा हात हनुवटीपाशी परत येण्याऐवजी खाली लोंबायचा. एकदा, दोनदा. विजयमालाला ते दिसलं आणि तिला वाटलं, समद्यांना दिसलं असणार.

"हात पडतोय गं लेकीचा," धोंडुबाई हळूच म्हणाली. शत्रूची आई असून. "रेश्मीनं बगितलंय ते. तिला रानात लांबनंच कळतंय, कळपातलं कुठलं मेंढरू दमलंय ते."

आणि रेश्मा तिथूनच आत शिरली. डोळ्याखाली, मग गालावर. अंकिताच्या नाकातून रक्त आलं. विजयमालानं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते, पण मिटले तर पोरगी तिथं एकटी पडेल असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात आलं होतं. चौथ्या फेरीत दोघी पोरी एकमेकींच्या अंगावर पडत, धापा टाकत, तरी मारत राहिल्या. शेवटची घंटा झाली तेव्हा त्या एकमेकींना धरूनच उभ्या होत्या.

तीन पंच. एकाच्या मते बरोबरी. दोघांच्या मते रेश्मा.

खेळाडूंच्या खोलीत, म्हणजे नवरीच्या खोलीत, विजयमाला पोहोचायच्या आत घरचे पोहोचले होते.

"तरी मी म्हनत हुते," सुलाबाई अंकिताचं नाक निरखत होती. "जरा सूज हाय, पर ऐतवारपतूर उतरंल. पाव्हण्यांना जिन्यावरनं पडली म्हनून सांगू."

"पंच विकल्यालं हुतं," तात्याबा गरजले. "कुस्तीत असलं नसतंय! पाठ लागली की लागली!"

वीरधवल पुष्पगुच्छाचं काय करावं ते न कळून तो या हातातून त्या हातात घेत होता. "हरल्यावर सत्कार घ्यावा का, ह्येचा जरा इचार कराय पायजे. आन् काय गं, हापिस पाचलाच बंद झालं, न्हाईतर साहेबांना फोन लावून नोकरीचं अजून..."

"बाहेर व्हा," विजयमाला म्हणाली.

"वहिनी, मी काय म्हंतो..."

"समदी बाहेर व्हा!" तिचा आवाज असा चढला की दाराबाहेरचे डॉक्टरही थबकले. "मामंजी, तुमी बी. पाया पडते तुमच्या, पर आदी बाहेर व्हा!"

सत्तावीस वर्षांत सासऱ्यापुढं तिनं आवाज चढवला नव्हता. तात्याबांनी तिच्याकडं नीट पाहिलं, काठी उचलली, आणि वीरधवलला तिच्या टोकानं ढोसत बाहेर घेऊन गेले.

खोलीत दोघीच उरल्या. अंकिता खुर्चीवर बसली होती, हातांच्या पट्ट्या अजून सोडलेल्या नव्हत्या. एक डोळा बंद होत आला होता. विजयमालानं बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळली आणि तिच्या गालाला लावली. या वेळी डोकं मागं सरकलं नाही.

"हारले मम्मी."

"बगितलं मी."

"बगितलंस? तू बाहेर गेलीवतीस न्हवं?"

"दुसऱ्या फेरीपास्नं बगितलं. समदं."

अंकिता खाली मान घालून म्हणाली, "नोकरी बी गेली, हे बी गेलं. घरी पप्पा काय म्हनत्याल ते मला ठावं हाय. तू सांग. माझं चुकलं का?"

विजयमालाच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. महिनाभराचं, बारा वर्षांचं. व्हय, चुकलं. नोकरी सोडायला नको होती. घरात सांगायला पाहिजे होतं. मला सांगायला पाहिजे होतं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. तिनं बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पोरीच्या डाव्या हाताचं मनगट धरून तो वर उचलला, हनुवटीपर्यंत.

"तिसऱ्या फेरीपास्नं ह्यो हात खाली पडतोय," ती म्हणाली. "मारल्यावर परत हितं आणायचा. मला दिसलं. धोंडुबाईला बी दिसलं. तुझ्या त्या मॅडमला दिसलं न्हाई व्हय?"